मालनबाई, हाक मार

“गाणी तुम्हाला सुचतात कुठे, मोरीत की जेवताना?”

विचारलं मी! चाळीस माणसांसमोर, सतरंजीवरून उठून उभं राहून. माझ्या वर्गातल्या मालनने पैज लावली होती, “विचारलंस तर सोमवारी मधल्या सुट्टीत सगळ्यांना माझ्याकडून आवळे.” तिला वाटलं, राही कसली विचारते! गेल्या वर्षीची राही असती तर नसतंच विचारलं. पण आता मी दहावीत आहे आणि वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून मला कुणाचीच भीती वाटत नाही.

लोक हसले. सुधन्वा देवस्थळीही हसले. मुंबईचे गायक, स्वतः गाणी लिहून, चाल लावून गिटारवर म्हणणारे. वाचनालयाच्या माडीवर ना माईक, ना तबला-पेटी. ते साध्या खुर्चीत आणि आम्ही त्यांच्या पायाशी, इतके जवळ की तारेवरून बोट सरकलेलंही ऐकू यायचं. चार गाणी झाली होती आणि खरं सांगते, मी जाम खूश होते. माणसाला असं जमायला पाहिजे, म्हणत होते मनात!

“गाणं मोरीत सुचत नाही, बाळ,” ते म्हणाले. “ते यावं लागतं. आता हे ऐक. हे भाट्याच्या पुळणीवर आलं. सूर्य बुडत होता, मी एकटाच होतो.”

आणि डोळे मिटून, एकेक शब्द ओढत त्यांनी सुरू केलं:

“होडी लागली पल्याड, मी राहिले अल्याड,
मालनबाई, हाक मार, तुझा गळा धिप्पाड...”

माझे कान तापले. हे माझं गाणं होतं! जयगडला माझी चप्पल चिखलात रुतली, मालन उडी मारून होडीत चढली आणि होडी मला टाकून निघाली. पलीकडून ही बया बोंबलतेय, “राहीऽऽ!” त्यावर मी ते फुगडीचं गाणं केलं. सत्याऐंशीच्या गणपतीत, गौरी जेवल्या त्या दुपारी, आम्ही ते शेजारच्या वकिलांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात म्हटलं. वकिलांकडे पाहुणे म्हणून उतरलेले हेच देवस्थळी ओटीवर टेपचा टू-इन-वन घेऊन बसले होते. “वा! परत म्हणा बघू,” म्हणाले. आणि आम्ही मूर्खासारखं परत म्हटलं!

“मालनबाई,” गाणं थांबवून त्यांनी हलक्या आवाजात समजावलं, “ही पैलतीरावरची सखी. मृत्यूच म्हणा ना.”

मृत्यू माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होता.

आता आमच्याकडे फुगडीत जिचं नाव घेतात तिने उलट ओळ टाकायचीच, नाहीतर ती हरली. त्यांनी डोळे मिटून पुन्हा “मालनबाई, हाक मार” म्हटलं मात्र, मालन सवयीने, तोंडातल्या शेंगदाण्यांसकट गरजली:

“राहीबाई, मार उडी, कशाला हवी होडी!”

माडी हसून लोळायला लागली. देवस्थळींनी डोळे उघडले. क्षणभर चेहरा उतरला, मग त्यांनी टाळ्याच वाजवल्या. “बघा! हीच लोकगीताची गंमत. ते कुणा एकाचं नसतंच.”

“आत्ता तर तुम्हाला भाट्याला आलं होतं!” मी परत उभी. “ही मालन. मी राही. गाणं मी केलंय, आणि तुम्ही ते वकिलांच्या ओटीवर टेप केलंत.”

“राही! खाली बस.” माझे वडील, आप्पा, वाचनालयाचे कार्यवाह, माझ्याकडे न बघता त्यांच्यासमोर हात जोडत होते. “क्षमा करा हं, पोरकट आहे.”

“असू द्या हो,” ते म्हणाले आणि पुढचं गाणं सुरू केलं. आणि लोकांनी ऐकलं! एकानेही त्यांना विचारलं नाही. मी बसले, पण गालाच्या आतून दात रोवून बसले.

घरी आल्यावर शर्ट खुंटीला लावता लावता आप्पा म्हणाले, “सकाळच्या एस्टीने जाणार आहेत ते. त्याआधी जाऊन माफी मागून ये. मी बोलावलं होतं त्यांना. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.”

“गाणं कुणाचं ते आधी सांगा, आप्पा.”

“असेल तुझं. म्हणून चारचौघांत बोलायचं?”

“त्यांनी चारचौघांतच म्हटलं ना!”

“अगो, फुगडीचं गाणं ते,” आई भात वाढत म्हणाली. “त्याला कसलं आलंय नाव! मीसुद्धा केलीत की डझनभर.”

“कुठली? एक म्हण.”

आईने तोंड उघडलं. “आता कुठली आठवायला,” म्हणाली आणि आमटीत नुसतीच पळी फिरवत राहिली.

तेव्हा मात्र माझं डोकं असं सणकलं की मी ताट बाजूला सारलं आणि सांगूनच टाकलं.

“मी माफी मागणार नाही. येत्या शनिवारी वाचनालयाच्या माडीवर मी गाणार आहे, त्याच खुर्चीत बसून, मी केलेली सगळी गाणी. मालन उलट ओळी टाकेल. किल्ली तुमच्याकडे आहे, आप्पा. दिलीत तर माडीवर, नाही दिलीत तर खाली रस्त्यावर उभी राहून. आणि आई, तू पुढे बसायचंस. तोवर तुझं एखादं आठवलंच, तर तुझं नाव सांगून म्हणेन.”