सगळ्यांच्या मेंदूत तोच ठिपका

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या कोटातले मेंदूमहाराज गरजले, "दारूनं मेंदूचा दगड होतो! माझा अळंबीचा काढा घ्या, एका घोटात नवी पालवी!"

पडद्यावर माझ्या दादाचा मेंदू झळकला. काढ्याआधी करडा, काढ्यानंतर मोरपिशी. टाळ्या पडल्या आणि वहिनी हुंदके देऊ लागली.

मी रुग्णालयात स्कॅन काढते, बावीस वर्षं मेंदूच बघतेय. डाव्या कडेला वाटाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. दादाला गाठ झाली की काय? मग शिंपीणबाईंचा मेंदू आला. तोच ठिपका, त्याच जागी. मग न्हाव्याचा. तिथंही तोच! माणसं तीन, मेंदू एक, रंगरंगोटी तेवढी नवी. मी तिन्हींचे फोटो काढून घेतले.

दादा बेकरीत भट्टीवर असतो. "अकरा दिवस थेंब नाही," तो म्हणाला. "काढा घेतला आणि आपले गेलेले बाबा समोर दिसले गं. म्हणाले, पुरे आता." दारू सुटावी म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यानं फेकून दिल्या होत्या.

त्याच्या बाटलीतला उरलेला काढा मी आमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडं नेला. तपासणी झाल्यावर ते म्हणाले, "कसली अळंबी? हा धोतरा आहे. भास होणारच, जीवही जाईल. अळंबीतल्या औषधावर खरंच संशोधन चालू आहे. मेंदू काही दिवस लवचीक होतो, व्यसन सोडायला मदत होईल, अशी आशा आहे, खात्री नाही. पण तिथं मोजून डोस देतात, शेजारी जाणकार बसतो, नंतर कित्येक आठवडे बोलणं चालतं."

पुढच्या सभेत मी उभी राहिले, तिन्ही चित्रं दाखवली, धोतऱ्याचंही सांगितलं.

"श्रद्धा कच्ची असली की ठिपके दिसतात!" महाराज म्हणाले. सभागृह खो खो हसलं.

दादा मात्र हसला नाही. त्याला पटलं होतं. बाहेर येऊन म्हणाला, "म्हणजे बाबाही खोटे. मग थेंबाविना काढलेले माझे दिवस?"

"ते तुझेच आहेत, दादा," हे मला तेव्हा सुचलंच नाही. मी माझ्या विजयातच होते. संध्याकाळी तो पिऊन आला.

आता तो आमच्याच रुग्णालयात, व्यसनमुक्तीच्या वॉर्डात आहे, माझा हात धरत नाही. मी काय करू, मला कळत नाही. तरी सांगते. कुणी मेंदूचं चित्र दाखवलं तर विचारा, हा मेंदू कुणाचा? बाटलीत काय आहे, कुणी तपासलं? आणि खोटं उघडं पाडलंत, की फसलेल्या माणसाजवळ बसा. मी बसले नाही.