गॅलरीतली अळ्यांची शर्यत

ऑफिसात तिला सगळे माशीबाई म्हणत. मेलेल्या माणसावर माश्या कधी बसल्या, अळ्या केवढ्या झाल्या, यावरून मरणाची वेळ सांगायची हे तिचं काम. मग दुसरं नाव चिकटणार तरी कोणतं?

त्या आठवड्यात तिची झोप उडवली एका माळ्याने. एक गोदाममालक मेलेला सापडला होता, पोटात कीटकनाशक. अळ्या इवल्याशा, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने मृत्यू रविवारचा. रविवारी तिथे गेला होता तो एकटा माळी, म्हणून इन्स्पेक्टरने त्यालाच उचललं. पण माशीबाईच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. ज्या विषाने माश्या मरतात, ते पोटात असलेल्या देहावर त्या वेळेवर बसतील कशा?

असे प्रयोग एरवी प्रयोगशाळेच्या गच्चीवर व्हायचे, पण तिथे रंगकाम चाललं होतं. तिने सरळ घरच्या गॅलरीत दोन डबे मांडले. दोन्हींत कलेजी, डाव्या डब्यातली कीटकनाशकात कालवलेली.

"अगं, हे काय आणलंस घरात?" सासूबाईंनी नाक दाबलं.

"आई, एका माणसाच्या सुटकेचा प्रश्न आहे."

"मग त्याच्या घरी ठेव की!"

पण दुसऱ्या दिवशी सासूबाईच गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. "उजवीकडे झुंबड आहे बघ! डावीकडे एखादी येते, आणि नावडतं स्थळ बघितल्यासारखी उडून जाते." नवऱ्याने चहाचा कप उचलला आणि जिन्यात संसार थाटला.

मग एका दुपारी ऑफिसात फोन आला. सासूबाई ओरडत होत्या, "अगं, डावीकडे पाळणा हलला!" भर मीटिंगमध्ये माशीबाईला हसू आवरेना. ती धावतच घरी आली. पुढे रोज मोजमाप. उजवीकडच्या अळ्या गुटगुटीत, डावीकडच्या उशिरा जन्मलेल्या आणि वर किडकिडीत. फरक चांगला दोन दिवसांचा! सासू-सून हात धरून गरागरा फिरल्या, कुंडीवर आदळल्या, तरी थांबल्या नाहीत.

म्हणजे मृत्यू शुक्रवारचा. आणि शुक्रवारी माळी अख्खा दिवस दवाखान्यात होता, लेकीच्या बाळंतपणासाठी.

इन्स्पेक्टर स्वतः बघायला आला. सासूबाईंनी विणकामाच्या सुईने एकेक अळी दाखवली.

"म्हणजे माश्या उशिरा आल्या, आणि अळ्या वाढल्याही सावकाश?"

"आत्ता कसं बोललात!" म्हणत त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. इन्स्पेक्टरने बशीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि पाणीसुद्धा नको म्हणाला.

प्रयोगशाळेत चाचणी पुन्हा झाली, उत्तर तेच आलं. मालकाने स्वतःच सरबताच्या रिकाम्या बाटलीत कीटकनाशक भरून ठेवलं होतं आणि सरबत समजून तेच प्यायला होता, हेही उघड झालं. माळी सुटला आणि थेट यांच्या दारात उभा राहिला. डोळे भरलेले.

"रडतोस काय वेड्या," सासूबाई म्हणाल्या, "आधी नातीचा फोटो दाखव!"

त्याने फोन काढला, तसा नवराही पुढे सरसावला. चार डोकी त्यावर एकदम वाकली आणि टाळक्याला टाळकं आपटलं.