चर्चमागच्या बेटालाच फुलं का आली

कंपनीवाल्यांनो, फुलं तुम्ही मारलीत. जीपमधून आलात, युरियाची पोती उतरवलीत, "दर महिन्याला प्रत्येक बेटाला भरपूर टाका" म्हणालात, आणि आता तुम्हीच कळवता की कॉर्पस क्रिस्तीच्या सणापर्यंत उतारावर फुलं दिसली नाहीत तर फुलशेतीला दिलेला उतार काढून घेऊ, निलगिरी लावू. आमच्यातल्या एकीच्याही नावावर दुसरी वीतभर जमीन नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

काय झालं ते ऐका.

हेलिकोनियाचे, म्हणजे त्या केळीसारख्या फुलझाडाचे, गड्डे आम्ही बायकांनी ओढ्याकाठून खणून आणले होते. तुमचं खत पडलं आणि बेटं अशी माजली की पानांत माणूस हरवावा. पान केळीएवढं, काळंभोर हिरवं. तुमचा साहेब त्या पानांपाशी उभा राहून फोटो काढून गेला. फुलाचा मात्र पत्ता नाही. लाल चोचींसारख्या फुलांची एकही माळ लोंबेना.

आणि चर्चच्या मागं, कुंपणाला टेकून, एकच बेट होतं. त्याला कोणी मूठभर खत घातलेलं नाही. ते नुसतं लालेलाल! शेंड्यापासून जमिनीपर्यंत माळाच माळा.

"देवाची कृपा, दुसरं काय," रुबिएला म्हणाली. ती माझ्या लेकीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

"कोमाद्रे, देवाला अख्ख्या डोंगरावर तेवढंच बेट दिसतं का?"

"तू रविवारी मागच्या बाकावर पेंगतेस, म्हणून तुझं दिसत नसेल."

मला काही ते पटेना. रोज संध्याकाळी मी त्या बेटापाशी जाऊन बसू लागले. लोक म्हणाले, नेल्सीला उशिरा भक्ती सुचली. मी गड्डे उकरून पाहिले. पावसाचं पाणी कुठून येतं ते पाहिलं. काही कळेना. मग एकदा दुपारभर विजा कडाडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गावातल्या बायका एकेक बादली घेऊन चर्चकडे निघालेल्या. रुबिएलाही.

बादलीत काय, मला विचारायची गरजच नव्हती. मीही आयुष्यभर तेच केलंय. वीज कडाडली की ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली आशीर्वादाची झावळी मोडून चुलीत टाकायची, म्हणजे घरावर वीज पडत नाही. पण एकदा ती झावळी चुलीत पडली की चुलीतली सगळीच राख पवित्र. ती उकिरड्यावर टाकायची नाही, पायदळी येऊ द्यायची नाही. चर्चमागं नेऊन ओतायची. आमच्या डोंगरात विजांना खंड नाही. म्हणजे गावातल्या सगळ्या चुलींची राख पिढ्यान्‌पिढ्या एकाच बेटाच्या पायाशी!

मी घरी जाऊन बादली घेऊन आले आणि भरायला बसले. मागून आवाज आला.

"नेल्सी! काय चोरतेस?" चर्चची घंटा वाजवणारे डॉन एवेलिओ; वडीलधाऱ्या माणसाला आम्ही मानानं डॉन म्हणतो.

"राख, डॉन एवेलिओ."

"ती पवित्र आहे. जमिनीतच राहिली पाहिजे."

"जमिनीतच घालणार आहे. माझी जमीन काय सैतानाची आहे?"

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तिथं कोंबड्या उकरतात का?"

"कुंपण घालते."

"मग ने. पण फादरना सांगू नकोस. आणि ती बादली घासून घे, डुकराची दिसतेय."

मी शेजारशेजारची दोन बेटं निवडली. तुमचं खत दोन्हींना बंद केलं. एकाच्या बुडाशी राख मातीत मिसळली, ती पावसानं वाहून जाऊ नये म्हणून वर केळीचे चिरलेले बुंधे पसरले. दुसऱ्याला काही नाही. रुबिएला रोज गुळाचं गरम पाणी घेऊन यायची आणि माझी चेष्टा करून जायची. "उगवला का गं संत?"

कित्येक आठवडे काहीच नाही. मग एका सकाळी राखेच्या बेटात एका दांड्याच्या पोटातून लाल टोक बाहेर आलं, पोपटाच्या चोचीसारखं. रुबिएला ते बघायला वाकली. पेला हातात कलला आणि सगळं गुळाचं पाणी तिच्या पायावर सांडलं. शेजारचं बेट नुसतं हिरवं उभं होतं.

"अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे आपण आपल्याच फुलांचं जेवण डोक्यावरून वाहून चर्चमागं ओतत होतो?"

हो, ओतत होतो. ती चूक आमची, मी ती लपवत नाही. मानिसालेस शहरातल्या बियाण्याच्या दुकानात विचारलं तर तिथल्या पोरीनं एका दमात सांगितलं: युरियात नुसतं नत्र, ते पानांचं, फुलाला पालाश, म्हणजे पोटॅश लागतो, तो राखेत असतो. हे दुकानातल्या पोरीला माहीत आहे. जीपमधून येणाऱ्याला नव्हतं?

आता सगळ्याजणी राख उताराला घालतायत. डॉन एवेलिओ स्वतः बादल्या वाटतात. पण गड्ड्यातून फूल यायला त्याचा वेळ लागतो, सणापर्यंत उतार लाल होणार नाही. एका बेटाची फुलं तुमच्या माणसाला दाखवली, तर तो म्हणाला, "एक बेट म्हणजे उतार नव्हे."

मग मला सांगा. तुमच्या पोत्यांत पालाश का नव्हता? आणि तुमच्याच खतानं गेलेला हंगाम आम्हाला परत देणार आहात की नाही? निलगिरीचं पहिलं रोप जीपमध्ये चढण्याआधी उत्तर द्या.