आत्याने घेतलेला कॅमेरा

थोरल्याने धाकट्याचा हात मोडला त्याला चार वर्षं होऊन गेली होती. बाप जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि बापाच्या हत्यारांची पेटी कुणी न्यायची यावरून दोघांची जुंपली. धाकट्याने पेटी उचलली, दारातून अर्धा बाहेर पडला, आणि थोरल्याने गॅरेजचं लोखंडी दार त्याच्या कोपरावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. आत्या आत भांडी विसळत होती. तिला आधी वाटलं, फळीच मोडली.

त्यानंतर भाऊ एकमेकांशी बोलले ते फक्त आभाळात. दोघांनाही रिमोटच्या विमानांचं वेड, आणि तेही साध्या विमानांचं नाही, लढाईच्या. हलकी फोमची बॉडी, पुढे भिंगरीसारखं इंजिन, त्याला कडक प्लास्टिकचं पातं, आणि शेपटीला कागदाची लांब फीत. खेळ एवढाच की आपल्या पात्याने दुसऱ्याची फीत कापायची. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर सात-आठ जण जमत. बाकीचे हसतखेळत उडवायचे. हे दोघे दातओठ खाऊन.

आत्या त्यांच्या बापाची बहीण. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिली, आणि गेली तीस वर्षं एका धुलाईघरात चादरींना इस्त्री करत होती. थोरला मोटार मेकॅनिक, धाकटा फरश्या बसवणारा. दोघेही ज्याच्याशी बोलायचे असं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे ती.

एक दिवस थोरला धुलाईघराच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आत्या, परवा त्याची फीत मी कापली. तो म्हणतो वाऱ्याने तुटली. फोटो असता ना, तर थोबाड बंद झालं असतं त्याचं."

त्याच संध्याकाळी धाकट्याचा फोन. "आत्या, तू नाहीतरी येतेस मैदानावर. फोटो काढत जा ना. तो सरळ सरळ खोटं बोलतो गं."

आत्याने छोटा, खिशात मावेल असा कॅमेरा घेतला. पहिल्या रविवारी तिने बत्तीस फोटो काढले. बत्तीसच्या बत्तीस रिकाम्या आभाळाचे.

"छान आलेत," धाकटा म्हणाला. "आमच्यापैकी कुणी दिसलं तर कळव."

म्हणून ती जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली. दुकानदार जाड चष्म्याचा, साठीचा, समोर स्क्रू आणि भिंगांचा पसारा मांडून बसलेला.

"काय टिपायचंय?"

"मारामारी," आत्या बोलून गेली आणि मग हसली. "विमानांची हो. रिमोटच्या."

दुकानदाराने तिचा छोटा कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट केला. "दिसायला गोड आहे, पण आळशी. तुम्ही बटण दाबणार, हा आधी विचार करणार, तोवर विमान पुढच्या गावी. शिवाय याला डोळा लावायला खिडकी नाही. उन्हात मागच्या पडद्यावर तुम्हाला तुमचंच तोंड दिसणार."

"मग चांगला कोणता?"

त्याने कपाटातून एक नवाकोरा काढला. किंमत ऐकल्यावर आत्याने तो तापलेल्या इस्त्रीसारखा पटकन खाली ठेवला. तेव्हा मग त्याने खालच्या खणातून एक जुना, जडशीळ कॅमेरा काढला. कोपरा चेपलेला, पट्टा झिजलेला.

"हा दहा वर्षांचा. फोटो मोठे करायला गेलात तर थोडे खरखरीत दिसतील. पण बटणाला तत्पर आहे. दाबून धरलंत की सेकंदाला पाच. आणि ही लांबची लेन्स बरोबर घ्या, मैदानापासून दूर राहता येईल. त्या पात्यांच्या जवळ उभं राहायचं नाही, ती बोटं छाटतात."

"दूर उभी राहायची सवय आहे मला," आत्या म्हणाली.

त्याने तिला दुकानाच्या दारात उभं केलं आणि रस्त्यावरच्या मोटरसायकलींचे फोटो काढायला लावलं. पहिले दहा वाया गेले. "नेम धरून थांबू नका," तो मागून सांगत राहिला. "गाडी लांब असतानाच खिडकीत घ्या आणि तिच्याबरोबर कमरेतून वळा. वळता वळता दाबा. दाबल्यावरही थांबायचं नाही, वळतच राहायचं. आणि शटर फार वेगाचं नको, नाहीतर पातं गोठतं, विमान खिळ्याला टांगल्यासारखं दिसतं." अकराव्या फोटोत मोटरसायकल मधोमध आली, चालवणाऱ्याच्या मिशांसकट. आत्याने तिथल्या तिथे कॅमेरा घेतला.

पुढे तीन आठवडे तिने जेवणाच्या सुट्टीत धुलाईघरामागच्या कबुतरांवर हात बसवला. तिला ते आवडायला लागलं. आयुष्यभर जे हातात आलं ते सपाट करायचं एवढंच तिला ठाऊक होतं. आता काहीतरी उडत होतं आणि ती त्याच्यामागे जात होती.

मग तो रविवार आला. ऊन लख्ख होतं, वारा बेताचा. आत्या मैदानाच्या कडेला, तारेच्या जाळीमागे उभी राहिली. थोरल्याचं विमान पिवळं, धाकट्याचं निळं. पहिल्या पाच मिनिटांत बाकीच्यांच्या फिती तुटल्या आणि आभाळात हे दोघेच उरले. निळं वर चढायचं, पिवळं खालून घुसायचं. दोन्ही इंजिनं करवतीसारखी किंचाळत होती. फितींचे तुकडे उडत होते, पण थांबायचं नाव कुणी घेईना. आता फीत निमित्तालाच होती. पिवळ्याने निळ्याच्या पोटात मुसंडी मारली, निळं गिरकी घेऊन सावरलं आणि उलटं येऊन पिवळ्याच्या पंखावर आदळलं. फोमचा भुगा उडाला.

आत्याच्या खिडकीत पिवळं विमान होतं. ते कलंडलं, वळलं, आणि मोठं व्हायला लागलं. तिने बटण दाबून धरलं. कमरेतून वळत राहिली. विमान आणखी मोठं झालं. त्याच्या मागे आधी झाडं आली, मग माणसांचे खांदे, मग धाकट्याची मान. तो आपल्या निळ्या विमानाकडे बघत होता, भलतीकडेच. खटखटखट करत कॅमेरा फोटो काढत राहिला.

पातं धाकट्याच्या गालात शिरलं आणि कानातून बाहेर पडलं.

तो किंचाळला नाही. गुडघ्यांवर बसला आणि हाताने कान चाचपू लागला, चष्मा शोधावा तसा. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं. मग त्याने वर पाहिलं. पंधरा पावलांवर थोरला रिमोट हातात धरून खांबासारखा उभा होता.

"माझ्यावर घातलंस?" धाकटा उठला. "माझ्यावर?"

त्याने गळ्यातला रिमोट पट्ट्यासकट काढला आणि गोफणीसारखा फिरवून थोरल्याच्या तोंडावर हाणला. दोन दात गवतात पडले. दुसरा फटका भुवईवर बसला. तिसऱ्याला थोरल्याने पट्टा पकडला, भावाला खेचून खाली पाडलं आणि त्याच्या छातीवर बसला. मग तो बुक्क्या घालत सुटला, त्याच फाटलेल्या गालावर. त्याचा एक गुडघा धाकट्याच्या मोडून जुळलेल्या कोपरावर होता. चौघांनी त्याला मागून धरलं, तर त्याने एकाच्या नाकावर कोपर मारून त्यालाही आडवं केलं.

आत्या जाळीला वळसा घालून धावली. हातात होतं ते तिने पट्ट्याने फिरवलं आणि थोरल्याच्या पाठीत घातलं. लेन्स फुटल्याचा आवाज झाला. तिने पुन्हा घातलं, मग डोक्यात घातलं. थोरला गर्रकन वळला आणि समोर कोण आहे ते न बघता त्याने मूठ मारली. ती आत्याच्या छातीत बसली. ती उताणी पडली आणि तिचा श्वासच अडकला.

तेव्हा कुठे दोघे थांबले.

धाकट्याला गालापासून मानेपर्यंत सत्तावीस टाके पडले. डोळा वाचला, कानाची वरची पाळी गेली. शुद्ध नीट येताच त्याने पोलिसांत जायचं काढलं.

"मुद्दाम घातलंय त्याने माझ्यावर. आत्या, फोटो आहेत ना तुझ्याकडे? ते दाखव त्यांना."

आत्या पट्टी बांधलेल्या छातीने दुकानदाराकडे गेली. त्याने कॅमेऱ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "काय केलंत याचं?"

"माणसाला लागला."

त्याने चेपलेलं झाकण उचकटलं. आतलं कार्ड शाबूत होतं. त्याने फोटो पडद्यावर लावले. ते सात होते, आणि सातही काचेसारखे स्वच्छ. पहिल्याच फोटोत पिवळ्या विमानाच्या पंखामागची हलती पट्टी एका दोऱ्यावर लोंबकळत होती.

"हे विमान कुणी चालवत नव्हतं," दुकानदार म्हणाला. "त्या पट्टीने विमान वळतं. ती गेल्यावर रिमोट असून नसल्यासारखा."

शेवटच्या दोन फोटोंत एका कडेला थोरला आला होता. डोळे विस्फारलेले, तोंड घट्ट मिटलेलं.

आत्याने सातही फोटो छापून घेतले आणि दवाखान्यात नेऊन धाकट्याच्या पांघरुणावर ओळीने मांडले. त्याने पट्टीबाहेरच्या एका डोळ्याने ते बराच वेळ पाहिले. फरशीचा टवका शोधावा तसं बोट फिरवत तो लोंबणाऱ्या पट्टीवर थांबला.

"म्हणजे मुद्दाम नव्हतं."

"नव्हतं."

"पण त्याला दिसत होतं." त्याने शेवटचा फोटो उचलला. "'वाक' एवढा एकच शब्द, आत्या. का नाही ओरडला?"

"त्याचा आवाज फुटत नाही," आत्या म्हणाली. "का फुटत नाही ते तुला माहीत आहे. तुझ्या बापाचा नियम होता, पट्टा बसताना जो ओरडेल त्याला दुप्पट. तुझ्या वाट्याचे पण त्यानेच खाल्लेत, तोंडातून हूं न काढता."

"माहितेय मला. पलंगाखाली मीच असायचो."

मग त्याने पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात केली आणि एकेकावर बोट ठेवत गेला.

"सातही फोटोंत विमान अगदी मधोमध आहे," तो म्हणाला. "तू पण बघत होतीस, आत्या. तू का नाही ओरडलीस?"

आत्याकडे उत्तर तयार होतं. सेकंदाला पाच म्हणजे साताला दीड सेकंदही होत नाही, तेवढ्यात माणूस काय ओरडणार? घरून निघाल्यापासून ती हे वाक्य मनात घोळवत होती. पण त्या सुजलेल्या तोंडासमोर ते तिच्या जिभेवर येईना.

"फोटो चांगला येत होता," ती म्हणाली.

धाकट्याने फोटोवरचं बोट उचललं.

"आणि तेव्हा? आम्ही लहान होतो तेव्हा?"

"तेव्हा मी पलीकडच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत असायचे." तिने पांघरुणाची चुणी तळहाताने सपाट केली. "करत राहायचे."

त्याने फोटो गोळा केले, गठ्ठा नीट ठोकून सारखा केला आणि तिच्या हातात दिला. "जा आता," म्हणाला.

त्याने पोलिसांना अपघात झाला म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी थोरला दवाखान्यात आला तर त्याने त्याच्या अंगावर स्टीलचा तांब्या भिरकावला. तो खांद्याला लागला. थोरला तरीही स्टुलावर बसून राहिला, भेटायची वेळ संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तांब्या त्याने स्वतःच उचलून जागेवर ठेवला होता, तो तिथेच राहिला. धाकट्याला घरी सोडलं तेव्हा गाडी थोरल्याचीच होती. आत्याला हे सगळं नर्सकडून कळलं, कारण धाकटा तिचा फोन उचलत नव्हता.

दोन महिने तिने वाट पाहिली. मग एका दुपारी अर्धी रजा टाकून ती थोरल्याच्या गॅरेजमध्ये गेली. तो गाडीखाली होता. फक्त पाय दिसत होते. ते बरंच होतं, तोंडावर बोलायला तिला जमलं नसतं.

"मी आले आहे," ती म्हणाली. "तुला एक सांगायचंय. तुझा बाप तुला मारायचा तेव्हा मी पलीकडच्या खोलीत असायचे. मला सगळं ऐकू यायचं. मी एकदाही आत आले नाही."

गाडीखालचा पाना थांबला.

"ठाऊक आहे," थोरला म्हणाला. दात गेल्यापासून त्याचे शब्द जरा ओले यायचे. "मलाही ऐकू यायचं ना. तू इस्त्री उचलायचीस, ठेवायचीस. मी तेच मोजायचो. पट्टे मोजले की जास्त लागायचं."

आत्याने दाराच्या चौकटीला हात लावला आणि तिला रडू फुटलं. तोंडाला पदर नाही की हात नाही. ती चांगली भोकाड पसरून रडली. शेजारच्या पंक्चरवाल्याने मान बाहेर काढली, समोरून दोन बायका थबकल्या.

थोरला गाडीखालून सरकत बाहेर आला. हात काळे, कपाळावर भुवईचा नवा व्रण. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या माणसांकडे.

"काय झालं हो?" पंक्चरवाल्याने विचारलं.

थोरल्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा आलं.

"आमच्या घरी फार मारायचे," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं.