दोन्ही हात आडवे

क्रेनवाला आज चर्चमध्ये आत येऊन बसला. पेटीवाल्याने ते समोर पेटीवरून पाहिलं.

एरवी क्रेनवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जायचा. आज तो शेवटच्या बाकावर होता. टोपी हातात, गुडघा सारखा हलत होता. काल चहा पिताना त्याने सांगून टाकलं होतं, की उद्या येतो, पण ते शेवटचं. तुमच्या पाळकांशी बोललो, त्यांनी सगळं समजावलं, ते खरंही असेल; पण ते माझ्यासारख्यासाठी नाही. पाळकांशी तो काय बोलला ते पेटीवाल्याने विचारलं नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं, की हा माणूस आज त्या दारातून बाहेर पडला तर पुन्हा यायचा नाही.

दोघांची ओळख जुनी, इमारतींच्या बांधकामावरची. एक उंच क्रेनच्या केबिनमध्ये, दुसरा खाली जमिनीवर. मजूर त्यांना वरचा आणि खालचा म्हणायचे. भिंतीपलीकडे माल उतरवायचा असला की वरच्याला काही म्हणजे काही दिसत नाही. दिसतात फक्त खालच्याचे हात. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. आणि दोन्ही हात आडवे पसरले की थांब. कारण विचारायचं नाही, जिथे असशील तिथे थांब. आपल्या डोळ्यांना दिसत नसताना दुसऱ्याच्या हातांवर भरवसा टाकायचा, असं ते काम.

एके दिवशी सळयांचा भारा थांबला नाही. तो खालच्याच्या पायावर आला. चौकशीत वरच्याने सांगितलं, की इशारा दिसला तेव्हा उशीर झाला होता. खालच्याचा पाय गेला, आणि इशारा उशिरा देणारा माणूस म्हणून कामही गेलं. त्याला स्वतःला त्या क्षणाचं नीट आठवत नव्हतं. घरी आरशासमोर कुबडी टेकून तो एक हात आडवा करून बघायचा. मग विचार करत बसायचा. बायको म्हणायची, "झाली का सुरू कवायत?" हळूहळू त्यानेही मान्य करून टाकलं, की चूक आपलीच.

पुढे तो चर्चच्या या मंडळीत आला आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेली पायपेटी वाजवायला शिकला. दोन पायांनी भाता मारायची ती पेटी, हा एका पायाने मारायचा. त्यामुळे ओळीच्या मध्यावर हवा कमी पडून सूर खचायचा. मंडळीला त्याची सवय झाली होती. त्या जागी सगळे एकदम श्वास घ्यायचे. नवखा माणूस असला की तोच एकटा ताणत राहायचा, आणि मग सगळे त्याच्याकडे बघून हसायचे. नवीन कोण आलंय ते असं कळायचं.

दर शुक्रवारी चार-पाच जण जमून, जे देवाला शोधताहेत पण अजून उंबऱ्यावर आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे. पेटीवाल्याची मागणी ठरलेली: "प्रभू, माझ्या वरच्याला आत आण." आपल्यामुळे त्या बिचाऱ्याच्या डोक्याला घोर लागला, असं त्याला वाटायचं. बायको घरी येताना चिडवायची, की तुझा वरचा नक्की कोण, क्रेनवाला की देव, ते एकदा ठरव.

पाळक उपदेश गाऊन करायचे. चार वाक्यं बोलायची, पाचवं सुरात उचलायचं, आणि गाता गाता बाकांमधून फिरायचं. त्यांचं गाणं ऐकताना भल्याभल्यांचे डोळे भरायचे. फिरायचं म्हणून माइक कॉलरला लावलेला आणि त्याची डबी कमरेला. उपदेशाआधी ते मागच्या छोट्या खोलीत जायचे, आतून कडी लावायचे आणि एकटेच मोठ्याने प्रार्थना करायचे. मनातल्या मनात मागणं त्यांना जमतच नसे. आज फरक एवढाच झाला, की माइक त्यांनी आधीच लावला होता.

पहिल्यांदा कर्ण्यातून खाकरल्याचा आवाज आला. मंडळीत खसखस पिकली. मग "हे प्रभू" ऐकू आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, चला, आज फुकटात दोन-दोन उपदेश.

"प्रभू, आज तो आत बसलाय," कर्णा म्हणाला. "आमचा क्रेनवाला."

हसू जागच्या जागी थांबलं. शेवटच्या बाकावरचा गुडघाही हलायचा थांबला.

पाळकबाई उठून माइकच्या यंत्राच्या कपाटाकडे धावल्या. मुलं बटणं पिळतात म्हणून कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली पाळकांच्या खिशात. त्या तशाच मागच्या खोलीकडे पळाल्या.

"त्याला वाटतं, आधी सगळं निस्तरावं आणि मग तुझ्याकडे यावं. मी किती सांगितलं त्याला. अरे, तारण ही काय कमाई आहे? ती कृपा आहे. येशूने सगळं केलंय, तू फक्त विश्वास ठेवून हात पुढे कर. तर तो म्हणतो, माझा हात पुढे करायच्या लायकीचाच नाही. प्रभू, त्या दिवशी त्या माणसाचे हात वेळेवर आडवे झाले होते. यानेच पाहिले नाहीत. हा फोनमध्ये बघत होता. आणि चौकशीत खोटं बोलला."

मागच्या दारावर थापा पडल्या. त्यासुद्धा कर्ण्यातून ऐकू आल्या.

"आलोच गं, दोन मिनिटं," कर्णा प्रेमाने म्हणाला. "प्रभू, तो माणूस बाहेर पेटीवर बसलाय. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही."

पुन्हा थापा, मग कडी निघाल्याचा आवाज, बाईंची कुजबुज, आणि खट्कन शांतता.

पेटीवाल्याचा पाय भात्यावर तसाच होता. त्याच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता: वेळेवर. म्हणजे आरशातला तो माणूस बरोबर होता. एवढी वर्षं बायकोसमोर, भावांसमोर खाली घातलेली मान विनाकारण होती. त्याला आधी हलकं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला, की त्याची बोटं पट्ट्यांवर दाबली गेली. हवा नव्हती म्हणून पेटी वाजली नाही.

मागे बाक सरकला. क्रेनवाला उभा होता. टोपी खाली पडली होती, ती त्याने उचलली नाही. तो दाराकडे निघाला. पुढच्या बाकावरून पेटीवाल्याची बायको उठली. ती शांत आवाजात बोलली, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"जाऊ दे त्याला. कुणी अडवू नका."

दारापाशी पोचून तो क्षणभर थांबला. पाठ मंडळीकडेच ठेवून म्हणाला, "दादा, उद्या साहेबांकडे जातो. खरं काय ते सांगतो. तुझं नाव धुऊन देतो. ते झालं, की मग..." त्याने दार ओढलं. बाहेरचा उजेड आत आला.

पेटीवाल्याला वाटलं, जाऊ दे. दार लागू दे त्याच्या मागे. हक्काचा राग होता त्याचा, इतक्या वर्षांनी हाती आलेला. आणि त्याच वेळी त्याला शुक्रवार आठवला. स्वतःचाच आवाज आठवला, त्या चार-पाच जणांमध्ये डोळे मिटून बसलेला. तो कुबडीसाठी चाचपडला, ती हाताला लागली नाही, तेव्हा पेटीलाच धरून तो एका पायावर उठला.

"ए वरच्या!"

बांधकामावर ही हाक आली की केबिनमधलं डोकं आपोआप वळायचं. आताही वळलं.

पेटीवाल्याने पेटी सोडली आणि दोन्ही हात आडवे पसरले.

आता त्याला कशाचाच आधार नव्हता. एका पायावर तो झुलत होता, डावीकडे, उजवीकडे, पण हात त्याने खाली घेतले नाहीत. क्रेनवाल्याचा हात दाराच्या कडीवर होता. त्याने ते हात पाहिले. तो जागच्या जागी थांबला.

"काय करतोस हे?" बायको म्हणाली. "त्याने काय केलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं," तो म्हणाला. "पण देवाकडे मीच मागितलं होतं त्याला. मागताना अट घातली नव्हती. आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

"दादा, आधी मला साहेबांकडे जाऊ दे," दारातून आवाज आला. तो फाटलेला होता.

"उद्या जाऊ. दोघं मिळून जाऊ. आधी बस."

"असा कसा बसू?"

"असाच. मला राग आलाय, खूप आलाय. तो असू दे माझ्यापाशी. तू बस."

त्याचा तोल जायला लागला. बायको दोन पावलांत त्याच्यापाशी आली, काखेत हात घालून तिने त्याला सावरलं. "हात खाली घे आता, पडशील," ती म्हणाली. तिने दाराकडे पाहिलं नाही. पण पुन्हा जा असंही म्हणाली नाही.

क्रेनवाल्याने दार पुन्हा लोटून घेतलं. शेवटच्या बाकापर्यंत त्याला जाववलं नाही. वाटेत जो पहिला बाक लागला त्यावर तो बसला आणि पुढच्या बाकाच्या पाठीवर त्याने कपाळ टेकलं. त्याचे ओठ हलत होते. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना तेवढं ऐकू आलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पाळक आले. बाईंनी त्यांना आत सगळं सांगितलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढराफटक होता आणि माइकची डबी त्यांनी काढून मुठीत आवळली होती. ते समोर उभे राहिले. ज्यांना कधी शब्द शोधावा लागला नाही, ते पाळक. त्यांनी क्रेनवाल्याकडे बघून हात जोडले. मग पेटीवाल्याकडे.

पेटीवाला बसला होता. त्याने भात्यावर पाय दिला आणि त्यांना त्यांचा सूर दिला, रोजचाच. पाळकांनी तो उचललाच नाही. पेटीवाल्याने पुन्हा दिला. तेव्हा ते कसेबसे गायला लागले, माइकशिवाय, कापऱ्या आवाजात:

"रिकाम्या हातांनी ये रे, भरणारा तो उभा..."

मंडळीने ओळ उचलली. पहिली गेली, दुसरी गेली, आणि तिसरीच्या मध्यावर नेहमीसारखी पेटीतली हवा कमी पडून सूर खचला. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

त्या रिकाम्या जागेत एकच आवाज ताणत राहिला. रडका, बेसूर, मध्येच तुटणारा, तरी न थांबणारा. तो पुढच्या शब्दापर्यंत एकटाच गेला.

कुणी हसलं नाही. पेटीवाल्याने भात्यावर पाय जोरात दाबला.