टबाचं कुलूप

शुभांगीनं गच्चीवर गरम पाण्याचा टब बसवला, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. शुभांगी माझी धाकटी जाऊ. ती रोज जाऊन-येऊन धाराशिवला कॉलेजात शिकवते, मी इथं बेंबळीत घरची चूल आणि गोठा बघते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी टब आणला म्हणून गावभर तिचं कौतुक. त्याच गुडघ्यांना मी बारा वर्षं तेल चोळलं, त्याचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

एकाच गोष्टीत मी तिच्या वरचढ होते. मला तीन वर्षांची लेक होती, राजनंदिनी. शुभांगीला लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नव्हतं. हे मी तोंडावर कधी बोलले नाही, पण मनात रोज घोकायचे.

आणि त्या टबाचे तिचे कायदे तरी किती! पाणी फार कडक नको, सासूबाईंना बीपी आहे. दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही, जवळ कुणीतरी हवंच. बाहेर आलं की लगेच झाकण, झाकणाच्या पट्ट्यांना कुलूप, किल्ली उंच खिळ्याला.

"बाकी कायबी इसरा अक्का, कुलूप तेवढं इसरू नका," ती दर वेळी बजावायची.

मला ते झोंबायचं. आपल्यामागं मी टबात जाऊन बसेन, याचीच हिला धास्ती, असं मी धरून चालले होते.

शिमगा झाला आणि मी कुरडया करायला घेतल्या. शुभांगी सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेली होती. टबाचं झाकण बाजेएवढं, सपाट, स्वच्छ. टब नाही तर नाही, झाकण तरी माझ्या कामाला येऊ दे, म्हणून मी किल्ली काढली, झाकण ओढत उन्हात नेलं, त्यावर धुतलेलं लुगडं अंथरलं आणि पहिला घाणा घातला. मनाला काय गार वाटलं सांगू!

दुसऱ्या घाण्याचा चीक खाली चुलीवर होता. गार झाला तर सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून मी धावत खाली गेले. राजनंदिनी वरच खेळत होती. चीक घोटते तोवर शुभांगी दारातून आली आणि उन्हातली साडी काढायला तशीच वर गेली.

तिची किंकाळी ऐकून मी पातेलं टाकलं. वर पोचले तर ती साडीसकट टबात उभी, आणि राजनंदिनी तिच्या खांद्यावर पाणी ओकत होती. मग लेकरानं मोठा टाहो फोडला. त्या आवाजानं माझ्या जिवात जीव आला.

शुभांगीनं कुरडया पाहिल्या, झाकण पाहिलं.

"अक्का, आपल्या घरात लेकरू हायच किती? एकच न्हवं का? हिच्यासाठीच कुलूप हुतं की वो."

मी खिळ्याकडं पाहिलं. माझा हात तिथं सहज पोचायचा. लेकराचा पोचला नसता.

लेकीला घ्यायला मी हात पुढं केले. तिनं शुभांगीच्या गळ्याची मिठी आणखी घट्ट केली. जळायला मला तोंड उरलं नव्हतं, तरी मी जळले.