मुठीतलं खत

"झालंय तयार. घाल बिनधास्त," मी म्हणाले आणि मूठ नाकापासून खाली घेतली.

खताच्या डब्यात खुरपं घालून बसलेली सून थांबली. "आई, जरा आंबूस येत नाहीये का?"

"तुझं नाक दवाखान्यातलं. दिवसभर फिनेल हुंगणाऱ्या बाईला मातीचं काय कळणार?"

ती हसली नाही आणि उलटही बोलली नाही. वॉर्डात नर्स आहे ती. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की करायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. आणि घरामागच्या चार वाफ्यांत आणि अकरा टबांत मोठा डॉक्टर म्हणजे मी.

मी चौथीपर्यंत शिकले, तीही रडतखडत. पण खत पिकलं की नाही हे माझ्या नाकाइतकं कुणाला कळत नव्हतं. पिकलेल्या खताला जुन्या झाडाच्या बुडाशी येतो तसा वास असतो. कच्चं असलं की आंबट, नाकात शिरणारं. गल्लीतल्या बायका कुणी कागदात, कुणी डब्यात, एक तर चहाच्या कपात घालून खत आणायच्या. मी हुंगायचे, सांगायचे. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट वाळला पाला घाला. आठवड्याला ढीग खालीवर करा. मातीत बोट पेरभर घालून बघा, ओल लागली तर पाणी देऊ नका. झाडं तहानेनं मरत नाहीत तितकी लाडानं मरतात. पुस्तकं वाचून आलेल्यासुद्धा मान डोलावत परत जायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

चार महिन्यांपूर्वी तापातून उठले, तेव्हा माझं नाक गेलं.

गेलं म्हणजे जागेवर आहे, कामाचं राहिलं नाही. दूध करपून पातेलं काळं झालं तरी मी शेजारी उभी. मुलानं विचारलं तेव्हा म्हणाले, "फोनवर होते रे." अत्तर काय, रॉकेल काय, सगळं सारखंच. कुणाला बोलले नाही. खताचं मी डोळ्यांवर आणि हातावर भागवत होते. काळं दिसलं, हाताला गार लागलं, की तयार. मूठ मात्र नाकापाशी न्यायची, डोळे मिटायचे. बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

त्या दिवशी सून ज्यांना खत घालत होती, ती तिची वांग्याची रोपं होती. तिची आई गेल्या वर्षी गेली. परसात पंचवीस वर्षं ती एकच जात लावायची, दरवर्षी बी धरायची. मागे राहिलेलं शेवटचं बी एका काडेपेटीत होतं. सुनेनं कागदी पेल्यांत ते सगळं पेरलं. एकोणीस उगवली. ड्यूटीवरून आली की चप्पल काढायच्या आधी ती त्यांच्याकडे जायची. आता चार पानांवर आली होती, म्हणून टबांत लावायची होती, आणि टबांत खत माझं.

तीन दिवसांनी पानं पिवळी पडली. मी म्हणाले, "जागा बदलली की रुसतात." पाचव्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या.

सून कामावर जायच्या कपड्यांत टबापाशी उकिडवी बसली. तिनं एक रोप उपटलं, मुळाशी नाक नेलं आणि झटकन बाजूला केलं. मग ते माझ्यापुढे धरलं.

"वास घ्या."

मी घेतला. "मातीचा आहे. दुसरा कुठला असणार?"

"आई, नासक्या अंड्यासारखा येतोय. इथून मला मळमळतंय."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा आवाज बदलला. पेशंटशी बोलते तसा झाला.

"कधीपासून?"

"तापापासून."

"चार महिने झाले. मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? दारात कुणी फिरकलं असतं का? म्हातारी, कुजका पाला आणि दुखरे गुडघे. त्यासाठी कोण येतं?"

"माझ्या आईचं बी होतं ते." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला एकदा विचारायचं तरी."

मी आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. सासूपुढे नाही, नवऱ्यापुढे तर नाहीच.

"विचारायची गरज नव्हती," मी म्हणाले. "तू न विचारताच सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

तिनं रोप खाली ठेवलं. हातातलं घड्याळ बघितलं. मग फोन काढून कुणाला तरी म्हणाली की आज तासभर उशीर होईल.

आम्ही दोघींनी एकेक टब उकरला. मी सांगत होते, ती करत होती. मुळं पाण्यात धू, घासू नकोस. काळी पडलेली नखानं खुडून टाक. खत अजिबात नको, नुसती माती आणि वाळू. आठ दिवस सावलीत ठेव. एकोणीसमधली सोळा गेलीच होती. तिनं ती फेकली नाहीत, वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवली. मग माझ्या खताच्या ढिगात मी हात खोल घातला, तर आत सगळं चिकट, गच्च. गुडघ्यांमुळे दोन महिने तो खालीवर केला नव्हता मी. लोकांना सांगत होते मात्र.

तिघांनी पुढे जीव धरला. त्यातल्या एकाला पहिली कळी दिसली, त्या रविवारी कोपऱ्यावरची शिंपीणबाई आली, ओंजळीत खत घेऊन.

"काकू, बघता का जरा? झालं असेल ना?"

सून दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मुद्दाम. मला माझं झाकू दिलं असतं तिनं. चिमटा तोंडात धरून पाठमोरी उभी राहिली.

"माझं नाक गेलंय गं," मी शिंपिणीला म्हणाले. "हिला दाखव. हिला कळतं."

शिंपीण गोंधळली. सुनेनं चिमटा तोंडातून काढला, पदराला हात पुसले आणि ओंजळीवर वाकली. वेळ घेतला तिनं.

"अजून तीन आठवडे," ती म्हणाली. "वाळला पाला कमी पडलाय. घाला आणि खालीवर करा."

शिंपीण तिला पुढचं विचारू लागली. बादलीत ओले कपडे उरले होते. मी एक सदरा उचलला, झटकला आणि दोरीवर टाकला.